मधला आकडा

माझ्या सुनेनं मला भर दुकानात मॅडम म्हटलं. आई नाही, सासूबाई नाही, बाकीच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना म्हणते तसं आजीसुद्धा नाही. मॅडम. "मॅडम, भाव ठरलेला आहे. मागच्यांना जागा द्या." चेहऱ्यावरची रेष हलली नाही तिची. गुरुवारची दुपार, माझ्यामागं सहा माणसं ट्रॉल्या धरून उभी, त्यातल्या एकीनं च्यक् केलं, आणि सरकत्या काळ्या पट्ट्यावर माझा तेलाचा डबा एकटाच उभा राहिला, सगळे उठून गेल्यावर एखादा पाहुणा उगाच बसून राहतो तसा. ती कोणाशी बोलतेय ते मला आधी कळलंच नाही. मी मागं वळून बघितलं. खरंच बघितलं. मागच्या बाईनं माझ्याकडं बघितलं, तेव्हा उमगलं की मॅडम मीच. सत्तरीला टेकले, लोकांनी मला काय काय म्हणून झालंय. कजाग म्हटलं, तोंडाळ म्हटलं, सासऱ्यांनी तर पाहुण्यांसमोर फौजदारीण म्हटलं होतं. पण त्या प्रत्येक शिवीत मी होते. मॅडममध्ये कोणीच नसतं. रिकामी खुर्ची असते नुसती, आणि तीही बाजूला सरकवायची.

एका डब्यापायी एवढं मनाला लावून घ्यायचं का, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं घर चालवून बघावं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, महिन्यातले आठ दिवस घरात, त्यातले चार झोपेत. सुनेचा पगार सरळ घरभाड्याला जातो, तो एक महिना चुकला तरी घरमालक दारात. मुलगा पाठवतो त्यात बाकीचं सगळं, आणि ते सगळं माझ्या हातात. माझ्या हातात म्हणजे अक्षरशः. तेल संपलं, साखर संपली, साबण संपला हे डबे वाजायच्या आधी मला कळतं. आणि हल्ली डबे फार लवकर वाजतात. साबणाच्या वडीला कंबर आलीय, दोन्हीकडून खोबणी घालून मधला साबण कंपनीनं काढून घेतला आणि वर छापलं, नवा आकार, धरायला सोपा. बिस्किटांचा पुडा तेवढाच, आत वारा. मी काय काय करून बघितलं नाही? पुडे घरी आणून वजन केलं, कमी भरले ते परत नेऊन दिले. पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात गेले, तिथं तेल स्वस्त आणि साखर महाग, येऊन-जाऊन चपला झिजल्या त्या वेगळ्याच. साबणाचे तुकडे वितळवून नवी वडी पाडली. चहात साखर कमी केली आणि मुलाला सांगितलं, डॉक्टरनं बजावलंय. भाव काही कोणाचं ऐकत नाही. पण एक जागा होती जिथं तो माझं ऐकायचा. तीन नंबरचा काउंटर. तिथं माझी सून बसते.

भाव पाडायचा कसा ते मला माझ्या आईनं शिकवलं. ती माझं मनगट धरून बाजारात न्यायची. वस्तू हातात घ्यायची, उलटीसुलटी करायची, नाक मुरडायचं आणि अर्धा भाव सांगायचा. विकणारा कानावर हात ठेवायचा. मग आई वस्तू खाली ठेवून पाठ फिरवायची. सात पावलं. त्यात मागं बघायचं नाही. मी बघायला गेले की मनगटावर तिची बोटं रुतायची. पाचव्या पावलाला मागून हाक यायची, अहो बाई, घ्या, न्या तुमच्या भावानं, मला मेलं नुकसान. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं त्याला हसू म्हणता येणार नाही. एखादं टिचबटण बरोबर बसलं की जसा बारीक टक् होतो, तसं काहीतरी. ती हाक मला फार आवडायची. घरात आम्हाला कोणी हाक मारून काही देत नव्हतं. शाळा माझी तिसरीतच सुटली, अक्षरं माझ्याशी कायम अंतर ठेवून वागली. आकड्यांचं तसं नाही. एकतीस वर्षं मी हॉटेल-दवाखान्यांच्या लॉन्ड्रीत काढली, वाफेत. चादरी, अभ्रे, टॉवेल, प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नंबर शिवलेला. नंबर बघून कापड कोणाचं ते मी ढिगाऱ्यातून ओढता ओढता सांगायची. दोनशे चौदा नदीकाठच्या हॉटेलाचं, नव्वद दवाखान्याचं. मुकादम म्हणायचा, हिला माणसांची नावं आठवत नाहीत पण चादरींची खानदानं पाठ आहेत. आमचे हे अगदी उलट. दुकानदार सांगेल तो आकडा काउंटरवर ठेवायचे आणि वर थँक्यू म्हणायचे. गेले बिचारे, जातानाही कोणाशी घासाघीस केली नाही त्यांनी.

मग बाजार गेला आणि हे दुकान आलं. पांढरे दिवे, गारठा, आणि हाक मारायला कोणी नाही. प्रत्येक वस्तूच्या पायाशी भाव लावलेला, त्याच्याशी बोलायचं तर तो मुका. सून तिथं लागली तेव्हाच तिनं सांगून ठेवलं होतं, "आई, दुकानात मला सून म्हणून हाक मारायची नाही हं. तिथं नियम असतात." मला वाटलं, लाजते. लाजू दे. मी कशाला हाक मारतेय? दोन वर्षांपूर्वी तेल एकदम तीनशे ऐंशीवर गेलं, त्या दिवशी मी डबा पट्ट्यावर ठेवला आणि म्हटलं, "हा भाव मला मान्य नाही." ती कसनुशी हसली. हळूच म्हणाली, "आजी, इथं कमी होत नाही." मी म्हटलं, "दुकान आहे ना हे? की देऊळ? दुकान असेल तर कमी होतं." डबा तिथंच ठेवला आणि पाठ फिरवली. एक, दोन, तीन. इतक्या वर्षांनी माझ्या मनगटावर आईची बोटं आली. चौथं पाऊल टाकलं, आणि मागून आवाज आला, "आजी, थांबा. बघते." वळले. तिनं इकडं तिकडं बघितलं, गळ्यातलं कार्ड काढून मशीनला लावलं, टुक झालं, आणि पावती बाहेर आली. वर तीनशे ऐंशी, खाली तीनशे बेचाळीस. मधे अडतीस. तो मधला आकडा माझा. त्याच्या बाजूला काहीतरी बारीक छापलेलं होतं, पण ते अक्षरात होतं. मी मनाशी म्हटलं, कमी केले असं लिहिलं असेल, दुसरं काय लिहिणार? मला ठाऊकच होतं. प्रत्येक विकणाऱ्याच्या मुठीत थोडं राखलेलं असतं. मागणाऱ्याला मिळतं, मुक्याला मिळत नाही. त्या दिवशी जिना चढताना मी गुणगुणत होते असं आता सांगतात. मला आठवत नाही. आठवतंय ते एवढंच की डब्याचं वजन हाताला लागलं नाही.

त्यानंतर दर गुरुवारी. तीच जागा, तेच भांडण. सून मान खाली घालून ऐकायची, कार्ड लावायची, टुक. पावत्या मी कपड्यांच्या चिमट्यात अडकवून ओट्याच्या वरच्या खिळ्याला टांगल्या. दोन वर्षांत चिमट्याचं तोंड मिटेना एवढ्या झाल्या. आणि मधला आकडा वाढत चालला होता, अडतीसाचा बेचाळीस, बेचाळीसाचा अठ्ठेचाळीस, गेल्या महिन्यात चोपन्न. मला वाटे, वयानं सगळं झिजतं पण माझी जीभ मात्र धारेला लागलीय. खालचा आकडाही वाढत होता, ते मला दिसत नव्हतं असं नाही. तीनशे बेचाळीसचे चारशे शहाऐंशी झाले होते. पण जिंकणाऱ्याचं लक्ष खाली कुठं असतं? इमारतीतल्या बायका मला विचारायच्या, तुम्हाला कसं देतात हो? मी सांगायची, तोंड उघडा. नुसत्या मुंडी हलवता म्हणून लुबाडतात. दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण एकदा प्रयत्न करून आली, हात हलवत. मी म्हटलं, "तू मागितलं असशील भीक मागितल्यासारखं. भाव भांडून मागायचा असतो." ती काही बोलली नाही. तोंडात टाचण्या होत्या तिच्या. टाचण्या नसत्या तरी बोलली नसती, हे आता कळतं. चौथ्या मजल्यावरची नर्सबाई नुसतं म्हणाली, "तुमचं नशीब चांगलं हो काकू." मी म्हटलं, "नशीब नाही, जीभ."

आणि मग हा गुरुवार. पाचशे चाळीसचा डबा. मी नेहमीसारखी सुरुवात केली, अगदी मजेत, गाणाऱ्यानं घसा खाकरावा तशी. "काय गं, गेल्या आठवड्यात चारशे शहाऐंशी घेतलेस, आज पाचशे चाळीस कुठून आले? रात्रीत काय डब्याला पोरं झाली?"  तिच्यामागं एक टाय लावलेला माणूस हात पाठीशी बांधून उभा होता, तो मॅनेजर हे मला नंतर कळलं. तिच्या गळ्यात कार्ड नव्हतं. नुसती फीत होती, त्याच्या टोकाला रिकामी क्लिप. मी म्हटलं, "लाव की तुझं ते कार्ड." तेव्हा ती म्हणाली, मॅडम. मी डबा ठेवला आणि पाठ फिरवली. सात पावलं मोजून टाकली. पाचव्याला कान मागं गेले. सातव्याला मी दाराशी होते. दार आपोआप उघडलं, मी थांबले तसं उघडंच राहिलं, आणि बाहेरचं ऊन आत यायला लागलं. मागं नुसतं टुक, टुक, टुक. दुसऱ्यांच्या वस्तू चालल्या होत्या. मी मागं बघितलं. आईनं नाही म्हणून सांगितलेलं, तरी बघितलं. माझा डबा कोणीतरी उचलून काउंटरच्या खाली ठेवला होता.

संध्याकाळी ती घरी आली, पायातले बूट काढले, बराच वेळ दाराशीच उभी राहिली. "आई, तुम्हाला एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "मॅडमला काय सांगायचंय?" तिनं ओठ चावला. "थोडे दिवस दुसऱ्या दुकानातून आणा ना." मी म्हटलं, "का? तुझ्या दुकानाला माझ्या चपलांचा वास येतो?" "तसं नाही हो आई, ऐकून तरी घ्या..." "ऐकलं मी. सहा माणसांदेखत ऐकलं. अजून काय ऐकायचं राहिलंय?" ती आत गेली. माझ्या या जिभेनं त्या दिवशी जे एक वाक्य अडवलं, ते तेवढं आत येऊ दिलं असतं तर. पण मला तेव्हा झोंबत होतं. रागापेक्षाही एक वेगळीच गोष्ट होती, लॉन्ड्रीतलं मशीन बंद पडल्यावर कानात जी पोकळी व्हायची तसली. दोन वर्षं दर गुरुवारी कोणीतरी मला हाक मारत होतं. ते थांबलं होतं.

शुक्रवारी मी लिहायला बसले. दुकानाच्या दाराशी प्लास्टिकची पेटी आहे, पारदर्शक, तिच्यावर लिहिलंय, आम्हाला सांगा. म्हटलं, सांगते. एक एक अक्षर कोरून काढलं, दुपार गेली. साहेब, तुमच्या दुकानात भांडणाऱ्याला भाव कमी मिळतो आणि गरीब गप्प बसणाऱ्याला मिळत नाही. आता तर भांडणाऱ्यालाही बंद केला. हा न्याय नाही. भाव कमी करता येतो याचा पुरावा जोडला आहे. सगळ्यांना सारखा कमी करा. खाली नाव लिहिलं, आडनावासकट, घर नंबरासकट. निनावी कागद भित्रे लोक टाकतात. चिमट्यातली सगळ्यात चांगली पावती काढली, चोपन्नची, आणि टाचणीनं टोचली. मला खरंच वाटत होतं की मी हे माझ्यासाठी करत नाही. शिंपिणीसाठी, नर्सबाईसाठी, मागं च्यक् करणाऱ्या त्या बाईसाठीसुद्धा. इतकं बरं मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं. शनिवारी सकाळी, सून कामाला गेल्यावर तासाभरानं, मी जाऊन कागद पेटीत टाकला. तो आत पडताना आवाजही झाला नाही.

परत आले तर जिन्यावर शिंपीण आणि नर्सबाई बोलत उभ्या. मी बाकीच्या पावत्या चिमट्यासकट पिशवीतून नेल्या होत्या, मॅनेजर भेटला तर तोंडावर मारायला. तो भेटला नाही, म्हणून मी या दोघींपुढंच उघडल्या. म्हटलं, "बघा, तुमच्यासाठी लढायला गेले होते. पुरावा टाकून आलेय. आता देतात की नाही बघू सगळ्यांना." नर्सबाईनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. एक पावती बघितली, दुसरी बघितली. शिंपिणीकडं बघितलं. "काकू, यातली पावती टाकलीत?" "मग काय साध्या कागदावर विश्वास ठेवतील?" "नाही म्हणजे..." ती हळू आवाजात वाचायला लागली, दवाखान्यात पेशंटला रिपोर्ट सांगतात तशी. "हे मधे लिहिलंय ना, कर्मचारी सवलत. म्हणजे दुकानात काम करणाऱ्याला मिळते ती. आणि पुढं नंबर आहे, चार सतरा." मी म्हटलं, "तो दुकानाचा नंबर." शिंपीण म्हणाली, "दुकानाचा कसा असेल हो? सूनबाईंच्या छातीवर तोच असतो, नावाखाली."  खालच्या मजल्यावर कोणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज बारीक होत होत वर आला आणि थांबला. एकतीस वर्षं मी नंबरावरून धनी सांगत आले. प्रत्येक पावतीवर तो चार सतरा होता, दोन वर्षं, ओट्याच्या वर, डोळ्यांसमोर. शिवलेला नव्हता म्हणून ओळखला नाही का मी? की ओळखायचा नव्हता? "तुम्हा दोघींना माहीत होतं," मी म्हटलं. शिंपीण कठड्यावरची धूळ बोटानं पुसायला लागली. "आम्हाला वाटलं तुम्हालाही माहीत आहे. म्हटलं, गंमत करतात काकू." नर्सबाई म्हणाली, "त्या लोकांना स्वतःच्या घरच्यांना आपल्याच काउंटरवर काही देता येत नाही. आणि सवलत तर फक्त त्यांच्या स्वतःच्या खरेदीला. सापडलं तर काढून टाकतात." मला वाटलं ही माझ्याशीच बोलतेय का. मागं बघावंसं वाटलं.

पिशवी तिथंच टाकून मी निघाले. रस्ता तोच होता पण लांब झाला होता, किंवा मधेच कोणीतरी सात सात पावलांची जोड दिली होती त्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी तर हात कापून टपालानं पाठवला होता. दाराशी पेटी. आत माझा कागद दिसत होता, चार घड्यांचा, इतर दोन-तीन चिठ्ठ्यांवर तिरका पडलेला, आणि पावतीचं टोक बाहेर, जिभेसारखं. भोकात माझी दोन बोटं जात होती. दोनच. टोकाला लागायला दोन पेरं कमी पडत होती. बाजूला बसलेला रखवालदार म्हणाला, "आजी, बोटं अडकतील." मी म्हटलं, "माझा कागद चुकून पडलाय." "सगळ्यांचेच पडतात." "अरे, मला परत पाहिजे." "किल्ली साहेबांकडं. सोमवारी उघडतात, सगळं वाचतात, रजिस्टरमध्ये लिहितात. साहेबांना बोलावू का?" मी नको म्हटलं. मी त्याला खूप काही म्हणू शकले असते. असल्या रखवालदारांना मी उभ्या जन्मात पन्नास वेळा गुंडाळलंय. दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, यांच्या फॅक्टरीच्या गेटवर. तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. नळ उघडावा आणि नुसती हवा फुसफुसावी तसं. काय म्हणणार होते? भाव कमी कर? पेटीच्या पलीकडं, दोन रांगा ओलांडून, तीन नंबरला ती दिसत होती. पाठ वाकलेली, हात उजवीकडून डावीकडं, उजवीकडून डावीकडं. एक म्हातारा तिला काहीतरी विचारत होता, ती मान हलवून नाही म्हणत होती. तिनं एकदाच वर बघितलं. मला बघितलं, पेटीला बघितलं, माझी बोटं बघितली, आणि पुढची वस्तू उचलली. टुक. दार माझ्यामुळं मिटेना, उघडायचं, थोडं सरकायचं, परत उघडायचं. रखवालदार म्हणाला, "आजी, आत या नाहीतर बाहेर जा. एसी जातोय."

ती आली तेव्हा दिवे लागायचे होते. मी ओट्याशी बसले होते. खिळ्याला काही नव्हतं, भिंतीवर तेवढी एक उजळ पट्टी राहिली होती. तिनं बूट काढले, पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले. घोट्यांवर मोज्याच्या कडा रुतलेल्या. मी आधी दुसरंच काहीतरी बोलणार होते. "पेटीत कागद टाकलाय मी," मी म्हटलं. "पावती जोडून." ती पाण्यात बघत राहिली. "माझ्या काउंटरची?" "तुझीच. गेल्या महिन्यातली." "नाव लिहिलंत?" "आडनावासकट." तिनं डोळे मिटले आणि उघडले.  पाणी गार होत चाललेलं मला कळत होतं, हात न लावता. मग ती सांगायला लागली, कोणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तशी. बुधवारी साहेबांनी कार्ड काढून घेतलं. सवलत फार वापरली जाते, कोणासाठी वापरतेस, विचारलं. दर गुरुवारी तुझ्याकडंच येते ती म्हातारी कोण, विचारलं. "मी म्हटलं, ओळखत नाही. गिऱ्हाईक आहे. भांडकुदळ आहे, म्हणून देऊन टाकते, रांग अडते. त्यांना पटलं नव्हतं, पण पुरावा नव्हता. म्हणाले, गुरुवारी ती आली की मी मागं उभा राहतो." पुरावा हा शब्द तिनं मुद्दाम वापरला नव्हता. मी वापरला होता, कागदावर, कोरून. "तू आधीच जाऊन सांग त्याला," मी म्हटलं. "काय सांगू?" "मी सांगते. म्हणते, मीच कार्ड चोरलं." "आई, कार्ड गळ्यात असतं माझ्या." "मग म्हणते की मी कोणी नाही तुझी." "आडनाव लिहिलंत ना." ती चिडली असती तर बरं झालं असतं. भांडं आपटलं असतं, म्हणाली असती, म्हातारे, तुझ्या जिभेपायी भाड्याचे वांधे झाले. मी तयार होते. उत्तरं तयार होती. ती म्हणाली, "जाऊ द्या. सोमवारचं सोमवारी बघू. दुसरीकडं कुठं कपड्यांच्या घड्या घालायचं वगैरे काम असेल तर."  "कशाला केलंस हे?" मी विचारलं. "पैशासाठी?" "पैशासाठीही." "आणि?" ती पायाच्या बोटांनी पाणी हलवत होती. "पहिल्या दिवशी तुम्ही पाठ फिरवून निघालात ना, मला बघवेना. एवढं मोठं दुकान, आणि तुम्ही ताठ चालत होतात, जसं काही कोणी हाक मारणारच आहे. मग मारली." थोड्या वेळानं म्हणाली, "घरी आलात तेव्हा किती खूश होतात. जिन्यात गुणगुणत होतात. म्हटलं, दहा टक्क्यांत एवढं होत असेल तर होऊ दे." आणि ती हसली. सुनेला हसताना मी दहा वर्षांत कितीदा बघितलं असेल, पण ते हसू मी ओळखलं. आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूस हसतं तसं, वरून खाली. दोन वर्षं दर गुरुवारी तिनं मान खाली घातली होती, ती मला भिऊन असं मी धरून चालले होते.

मी उठले. तिच्यासमोर उभी राहिले. मऊ बोलायचं होतं. माफी मागायची होती म्हणा. तेवढे शब्द माझ्याकडं कधीच नव्हते, आणि आता शोधायला वय नव्हतं.

"ऐक," मी म्हटलं. "नोकरी माझ्यामुळं जाईल, ते माझ्या डोक्यावर, ते मी कोणाच्या माथी मारणार नाही. पण तुझंही माप तुझ्या पदरात घालते. पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस, म्हातारे, भाव ठरलेला आहे, तुझं इथं काही चालत नाही. मी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस अन्नाला शिवले नसते, पण पचवली असती हार. आजवर काय थोड्या पचवल्या? तू मला खोटंखोटं जिंकवत बसलीस. वैरीण असतीस ना, तरी असं केलं नसतंस."